हरलेल्यानं थांबायचं

"जिंकलेल्यानं जायचं. हरलेल्यानं थांबायचं."

निकाल वाचून झाला की माळगेसाहेबांचं हे वाक्य ठरलेलं असे. बेळगावच्या जिल्हा न्यायालयातले आम्ही सगळे वकील ते झोपेतसुद्धा म्हणू शकलो असतो. जिंकलेला पक्षकार वाकून नमस्कार करी आणि निघे. त्याचा वकील काळा कोट हातावर टाकून चहाची वाट धरी. हरलेला माणूस मात्र आपल्या वकिलासकट समोर उभा राही. मग साहेब चष्मा काढून टेबलावर ठेवत, खुर्ची थोडी पुढे ओढत आणि तो का हरला हे त्याला त्याच्याच बोलीत समजावून सांगायला लागत. मराठी माणसाला मराठीत, कानडी माणसाला कानडीत, एखाद्या चाचांना हिंदीत. "कळलं न्हवं? न्हाय कळलं तर परत इचारा, लाजू नका," असं वर पुन्हा म्हणत.

जगातल्या कुठल्या कायद्यात असं लिहिलेलं नाही. न्यायाधीशानं निकाल द्यावा आणि पुढचं प्रकरण पुकारावं. समजूत घालायचं काम आमचं, वकिलांचं. आम्ही ते बाहेर व्हरांड्यात आमच्या पद्धतीनं करतो. जज्जाचं लक्षच नव्हतं, आपण वर जाऊ, असं सांगितलं की पक्षकार निम्म्या समाधानानं घरी जातो. माळगेसाहेबांनी आम्हाला तेवढीही सोय ठेवली नाही. माझ्या पक्षकारासमोर, माझ्या तोंडावर ते सांगत, "तुमच्या वकिलांनी मुद्दा चांगला मांडला. पण मुद्द्यात दम न्हवता." तो पक्षकार पुन्हा माझ्या ऑफिसची पायरी कशाला चढेल? त्या कोर्टात मी जेवढा थांबलो तेवढा बेळगावात दुसरा कुणी वकील थांबला नसेल. चिडून चिडून मी दातओठ खायचो.

आणि चिडायचं तरी कुणावर? माणूस धुतल्या तांदळासारखा. बेताची उंची, सावळा रंग, डोक्यावरचे केस आखूड कापलेले, आवाज कधी चढायचा नाही. दुपारी डबा चेंबरमध्ये एकटेच खायचे. वकील मंडळाच्या स्नेहभोजनाला आले तर भाषण करायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. त्यांना चहा पाजल्याचं पुण्य बेळगावात एकाही वकिलाला लाभलं नाही.

त्यांचं पूर्ण नाव गौतम तुकाराम माळगे. मूळचे निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वस्तीनं वर्गणी काढून त्यांना कायद्याच्या शिक्षणाला पाठवलं, आणि पहिल्यांदा ते न्यायाधीश झाले तेव्हा वस्तीत रात्रभर ढोल वाजले म्हणे. पुढची सगळी नोकरी बिदर, कोलार, चिक्कमगळूर अशी लांब लांब झाली. कानडी इतकं सुरेख बोलायचे की दक्षिणेकडचे वकील त्यांना तिकडचेच समजत. शेवटची काही वर्षं राहिली तेव्हा बेळगावात आले. निपाणी इथून तासाभरावर. वस्तीला वाटलं, आपला माणूस घरी आला. गाडी करून, हार घेऊन मंडळी बंगल्यावर आली. साहेबांनी त्यांना फाटकापाशीच हात जोडले.

"रिटायर झालो की या. दोन दिस ऱ्हावा, जेवा. आत्ता न्हाय."

"अरं, आम्ही काय केस घेऊन आलोय व्हय गौतम?" त्यांचे थोरले चुलते म्हणाले.

"आज न्हाय आणली, आप्पा. पण उद्या कुणाची तरी असंल."

चुलत्यांनी तो हार फाटकाला अडकवला आणि ते निघून गेले. जयंतीला निपाणीच्या विहारात साहेबांसाठी दरवर्षी पहिल्या रांगेत एक खुर्ची मोकळी ठेवत. ती मोकळीच राहायची. ज्यांनी खाऊपिऊ घातलं त्यांनाच फाटकाबाहेर उभं करायचं, याला काय म्हणावं? मी मराठ्याच्या घरातला, खानापूरकडचा. आमच्याकडे गावातला पोरगा साधा तलाठी झाला तरी त्याच्या ओसरीवर माणसं मावत नाहीत. मला त्या चुलत्यांच्या जागी राग आला असता, आणि खरं तर परक्याच्या जागी राहूनसुद्धा आलाच.

इकडच्या मुलखात जे सगळ्यांना भोगावं लागतं तेही त्यांच्या वाट्याला आलं. मराठीवाल्यांनी तक्रार केली की घरचा माणूस असून निकाल कानडीत लिहितो. कानडीवाल्यांनी तक्रार केली की भर कोर्टात मराठी बोलतो. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात पोहोचले. साहेब म्हणाले, "दोघांनी बी अर्ज केलाय म्हणजे मी काय बोलतो ते दोघांना बी ऐकू येतंय. बरं झालं."

पण खरं नुकसान त्या अर्जांनी झालं नाही. न्यायाधीशांच्या कामाचं मोजमाप असतं. महिन्याला किती प्रकरणं निकाली काढली त्यावर शेरा ठरतो. ज्या वेळात दुसरा न्यायाधीश चार प्रकरणं उडवील, त्या वेळात आमचे साहेब एका हरलेल्या म्हाताऱ्याला वहिवाट म्हणजे काय ते सांगत बसायचे. शेऱ्यात दरवर्षी यायचं की काम चांगलं, पण गती कमी. त्यांच्यापेक्षा धाकटे, त्यांच्या पासंगालाही न पुरणारे लोक हायकोर्टावर गेले. साहेब होते तिथंच राहिले. मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, हे थांबवणं तेवढं थांबवा. निकालाची प्रत मिळतेच की त्यांना."

"वकीलसाहेब, जिंकणारा निकालाची शेवटची ओळ वाचतो," ते म्हणाले. "हरणाऱ्याला सगळा वाचायचा असतो, आन नेमका त्यालाच वाचता येत न्हाय."

या माणसाच्या कोर्टात माझ्या पक्षकार, कंग्राळीच्या तानूबाई, यांचं प्रकरण अपिलात आलं.

तानूबाई शेतकरी घरातल्या. लग्न होऊन गेल्या, लवकर विधवा झाल्या आणि माहेरी परत आल्या. भावानं ठेवून घेतलं. पुढं एक दिवस भाऊ त्यांना रजिस्टर ऑफिसात घेऊन गेला आणि बापाच्या जमिनीतल्या हिश्शाचं हक्कसोडपत्र करून घेतलं. आमच्याकडे बहिणी अशी सही करतात. साडी-चोळी घ्यायची, सही करायची, आणि माहेरचं दार उघडं राहील एवढीच आशा धरायची. ज्या करत नाहीत त्यांच्याशी बोलणं बंद होतं. तानूबाईंचं म्हणणं असं की सहीच्या आदल्या दिवशी भावानं शब्द दिला होता, विहिरीकडचा तुकडा मरेपर्यंत तुझा. त्या तुकड्यात त्या कित्येक वर्षं भाजी पिकवत होत्या आणि बेळगावच्या बाजारात विकत होत्या. भाऊ वारला. शहर पसरत पसरत कंग्राळीला भिडलं, शेतात प्लॉट पडायला लागले. भाचा महादेव उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होता. त्यानं तुकड्याला कुंपण घातलं आणि आत्तीला सांगितलं की उद्यापासून इकडे यायचं नाही. साक्षीच्या वेळी तो शपथेवर म्हणाला, "आमच्या बाबांनी असला शब्द कुणाला दिला न्हाय. आत्ती मनानं सांगती."

खालच्या कोर्टानं तानूबाईंच्या बाजूनं निकाल दिला. मी इतका खूश झालो की अख्ख्या बाररूमला कुंदा वाटला. मग महादेवनं अपील केलं आणि प्रकरण माळगेसाहेबांपुढं गेलं. त्यांनी खालचा निकाल फिरवला. हक्कसोडपत्र रीतसर नोंदलेलं, त्याला आव्हान द्यायची मुदत केव्हाच संपलेली, आणि भावाचा तोंडी शब्द शाबीत होत नाही.

"जिंकलेल्यानं जायचं. हरलेल्यानं थांबायचं."

महादेव मान खाली घालून गेला. मी आणि तानूबाई थांबलो. साहेबांनी चष्मा काढला.

"आक्का, हक्कसोडावर सही तुम्हीच केलासा न्हवं?"

"केली की."

"कुणी जबरदस्ती केलती?"

"जबरदस्ती कशाची ओ? भाऊ म्हणाला, सही कर, हिरीकडला तुकडा तुजा. माहेर तुटू ने म्हून केली."

"ते कागदात लिवलेलं न्हाय."

"भाऊ-भैनीचं कागदात लिवत्यात व्हय साहेब?"

मागं कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

"आक्का, खालच्या साहेबांनी तुमच्यावर दया केली. दया मोठी गोष्ट हाय. पण ती दुसऱ्याच्या जमिनीतनं करता येत न्हाय. भाऊ आता न्हाय, साक्षीदार कोण न्हवता. म्हून तो शब्द शाबीत होत न्हाय, एवढंच मी म्हणालोय. तुम्ही खोटं बोलताय असं म्हणालो न्हाय."

"मग खरं बोलते असं म्हणा की."

"ते मला म्हणता येत न्हाय."

"म्हंजे खोटंच की! खरं न्हाय ते खोटं. तिसरं काय असतंय?"

साहेबांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि पुन्हा ठेवला. "तिसरं असतंय, आक्का," ते शेवटी म्हणाले. "पण ते फकस्त कोर्टात असतंय."

तानूबाई पायरीवरून उतरताना मला म्हणाल्या, "जमीन गेली तर जाऊ द्या वकील. पण ह्यो मला खोटी ठरवून गेला."

तेच झालं. धारवाडला हायकोर्टात अपील केलं, तेही गेलं, आणि गावात बातमी एवढीच पोहोचली की तानू खोटं बोलली, कोर्टानं पकडलं. याआधी कंग्राळीत सोयरीक जुळवताना तिला विचारायचे. कुणाची आजी कुठल्या घरची, कोण कुणाचं दूध प्यालं, कुठल्या बांधावर कुणाच्या वडलांनी आंबा लावला, हे तानूबाई सांगेल ते खरं. आता तिला कुणी विचारेना. एका बारशाला तिनं काहीतरी जुनी आठवण सांगितली तर एक बाई म्हणाली, "तुजं काय धरून चालायचं गं, कोर्टानंच सांगितलंय." हे तिनं मला ऑफिसात येऊन सांगितलं. मी समजावलं की शाबीत न होणं वेगळं आणि खोटं ठरणं वेगळं. ती ऐकता ऐकताच उठून चालू लागली.

साहेब निवृत्त झाले आणि बेळगावातच एका साध्या कॉलनीत राहायला गेले. आता फाटक उघडं होतं. निपाणीची मंडळी आली, राहिली, जेवली. चुलते मात्र तोवर वारले होते. मीही जायला लागलो. का ते मला सांगता येणार नाही. ज्या माणसानं मला आयुष्यात सगळ्यात जास्त हरवलं त्याच्या व्हरांड्यात जाऊन बसायची मला सवय लागली.

एका बाजाराच्या दिवशी वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. "अहो, तुमची कुणी पक्षकार आलीये. पायरीवर बसलीये. उठत नाही."

जाऊन बघतो तर तानूबाई. भाजीची रिकामी बुट्टी शेजारी, आणि समोर वेताच्या खुर्चीत साहेब. तिनं सगळी कैफियत पहिल्यापासून सांगितली. भाऊ काय म्हणाला, कुठं उभा होता, हातात काय होतं. साहेबांनी एक शब्द न तोडता ऐकून घेतली. शेवटी ती म्हणाली, "आता तुमी जज्ज न्हाय. आता तरी सांगा, मी खोटी हाय का खरी?"

"आक्का, मला जे बोलायचं हुतं ते निकालात बोललो."

"बरं. मग फुडल्या बाजाराला येते."

आणि ती खरंच आली. प्रत्येक बाजाराला येऊ लागली. हिवाळा, उन्हाळा, धो धो पाऊस, काही असो, भाजी संपली की बुट्टी घेऊन थेट साहेबांची पायरी. तीच कैफियत, तोच प्रश्न, तेच उत्तर. वहिनी दर वेळी चहा आणून तिच्यापुढं ठेवायच्या आणि ती दर वेळी म्हणायची, "माजा उपास हाय." चहा थंड व्हायचा. दूध काय फुकट येतं का, म्हणून वहिनी तो कुरकुरत झाडात ओतायच्या.

"कुठल्या देवाचा उपास म्हणे हिचा?" त्यांनी एकदा विचारलं.

"आमच्या देवाचा न्हाय, एवढं नक्की," साहेब म्हणाले आणि पोटभर हसले.

मला हसू आलं नाही. तानूबाई गेल्यावर मी बोललोच. "साहेब, ज्या घरचा चहा तिला चालत नाही त्या घरचा शब्द मात्र हवा. आणि तुम्ही तिला दर आठवड्याला बसवून घेता!"

"चहा न घेणं तिच्या हातात हाय. शब्द न देणं माझ्या. दोघं बी आपापल्या जाग्याला घट्ट हाय. त्यात तुम्हाला काय तरास?"

"त्रास हाच की तुम्ही एक वाक्य बोललात तर ती गावात मान वर करून फिरेल. तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. भावानं शब्द दिला होता असंच तुम्हाला वाटतं."

"मला काय वाटतं ते मला खुर्चीवर बी वाटत हुतं, वकीलसाहेब. तवा लिवलं न्हाय, कारण वाटण्यावर दुसऱ्याचं रान काढून घेता येत न्हाय. आता घरात बसून ते बोललो तर महादेव काय म्हणंल? हा जज्ज कोर्टात एक बोलतो आन व्हरांड्यात एक. मग माझ्या कुठल्याच निकालावर कुणी इश्वास का ठेवावा? खुर्ची सोडली म्हणजे निकाल सोडला न्हाय."

या माणसापुढं डोकं आपटून घ्यावं असं मला वाटायचं. कायदा त्यांच्या बाजूनं होता, तत्त्व त्यांच्या बाजूनं होतं, आणि समोर एक म्हातारी बाई आपलं खरेपण एका रिकाम्या बुट्टीत घेऊन बसलेली. मी पुष्कळ वेळा रागानं उठून आलो, दोन-तीन आठवडे गेलो नाही. पण पुन्हा गेलोच.

अशाच एका दिवशी मी विचारलं की हे हरलेल्याला थांबवण्याचं खूळ तुम्ही आणलं तरी कुठून. तेव्हा त्यांनी आईची गोष्ट सांगितली. निपाणीच्या एका वखारीनं काही बायकांना कामावरून काढलं होतं. त्यात त्यांची आई. बायका कोर्टात गेल्या. निकालाच्या दिवशी जज्जनं इंग्रजीत काहीतरी वाचलं आणि आत जाताना बायकांकडे बघून मान हलवली. त्यांचा वकील दुसऱ्या कोर्टात पळालेला. बायकांना वाटलं, साहेबानं बघून मान हलवली म्हणजे आपण जिंकलो. त्यांनी वस्तीत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली लुगडी नेसून सगळ्या वखारीवर गेल्या, तर रखवालदार फाटक धरून हसत उभा.

"हरल्याचं दुःख आईला झालं नसतं," साहेब म्हणाले. "हरायची तिला सवय हुती. पण ती साखर वाटून आलती. नंतर जलमभर कुणी साखर वाटली की ती तोंडात घालायची न्हाय." मग म्हणाले, "मी ठरवलं, माझ्या कोर्टातनं कुणी न कळता हरून जायचं न्हाय. तेवढं जमलं. बाकी काय जमलं न्हाय बगा."

बाकी काय जमलं नाही, हे ते बोलले नाहीत. हायकोर्ट म्हणत असतील असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्यांची नजर तेव्हा रिकाम्या पायरीकडे होती.

मागल्या उन्हाळ्यात त्यांचं दुखणं वाढलं. पलंग व्हरांड्याच्या खिडकीशी लावला होता. तानूबाई पायरीवरून बोलायची, ते खिडकीतून ऐकायचे. शेवटच्या बाजाराला त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की त्यांचं उत्तर मलाच पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. "साहेब म्हणतात, बोलायचं ते निकालात बोललो." तानूबाईंनी मान डोलावली आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "बरं. फुडल्या बाजाराला येते." त्या गेल्यावर मी पलंगापाशी जाऊन बसलो. म्हटलं, आता तरी. साहेबांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या बाजाराच्या आधीच ते गेले.

निपाणीहून अख्खी वस्ती आली होती. त्रिशरण झालं, चुलत्यांच्या मुलानं खांदा दिला. मी रडलो आणि रडताना रागावलेलाच होतो. जाताना एक वाक्य खर्ची घातलं असतं तर काय बिघडलं असतं, हा एकच विचार डोक्यात घोळत होता.

जलदान विधीनंतरच्या बाजाराला वहिनींनी मला बोलावून घेतलं. "आज त्या येतील. मला नाही बोलता यायचं त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

तानूबाई आल्या. गावात कळलंच होतं त्यांना. बुट्टी नेहमीच्या जागी ठेवली, पायरीवर बसल्या. आत भिंतीवर साहेबांचा फोटो, त्याला हार. त्याच्याकडे बघत त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "शेवटाला काय बोलले का ओ वकील?"

काय बोलायचं ते मी येतानाच ठरवलं होतं. माझ्या धंद्यात ज्याला खोटं बोलणं म्हणतात तसं हे नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली होती. मी म्हटलं, "बोलले. म्हणाले, आक्कांना सांगा, तुमच्या भावानं शब्द दिला होता. तुम्ही खरं बोलत होता."

दाराआड वहिनींच्या बांगड्या वाजल्या.

तानूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "कुणाम्होरं बोलले?"

"माझ्यासमोर."

"आन कोण हुतं तितं?"

"कोण नव्हतं. मी एकटाच होतो."

"साक्षीदार न्हाय म्हणा की." त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघत होतो. "मग शाबीत होत न्हाय, वकील."

मी काही बोलायला गेलो. त्यांनी हातानं अडवलं.

"ऱ्हाऊ द्या. माज्यासाठनं बोललासा, कळतंय मला. पर त्यो माणूस असलं बोलणार न्हाय. खुर्चीवर न्हाय बोलला ते खाटंवर बोलंल व्हय? तसला असता तर मी दर बाजारी हितं कशाला आलते? कुणाच्या बी दारात जाऊन गोड बोलणं ऐकलं असतं की. ह्यो सांगंल ते खरं सांगंल, म्हून तर तेच्याच तोंडनं पायजे हुतं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "न्हाय मिळालं. जाऊ द्या. पर तुमी सांगितलंसा ते मी गावात सांगणार न्हाय. खोटं हाय ते."

मग त्यांनी दाराकडे तोंड केलं. "वैनी, च्या हाय काय?"

वहिनी दारात आल्या. "आहे की. पण तुमचा उपास..."

"आज न्हाय उपास."

वहिनींनी चहा आणला. तानूबाईंनी तो बशीत ओतला आणि फोटोकडे बघत, घाई न करता, सगळा प्यायला. कपबशी स्वतः उठून मोरीत धुऊन पालथी घातली. परत आल्या, फोटोला हात जोडले, बुट्टी काखेला मारली आणि कंग्राळीच्या बसची वेळ झाली म्हणाल्या. त्या फाटकातून बाहेर पडल्या. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो.

"तुम्हीही निघणार ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी थांबतो."